रडायला नेलेली आत्या

बघ की, खुशाल बघ पिशवीत — खण आहे, नारळ आहे, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि हा डबा बेसनाच्या लाडवांचा — आता यात मी काय बाँब लपवणार? तुझ्या छातीवरच्या पाटीवर 'रुचिका कदम' वाचलं आणि जिवात जीव आला बघ. म्हटलं, चला, या हिंदी मुलखात आपल्यातलीच पोरगी भेटली, नाहीतर ओटी म्हणजे काय ते हिंदीत समजावता समजावता माझी संध्याकाळ झाली असती. तू नको बोलू, ड्यूटीवर बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला. मी बोलते, तू ऐक. मी मंदा. वर तिसऱ्या मजल्यावर तुम्ही पोलीस जिला जपताय ना, गरिमा — तिची सख्खी आत्या. बारशाला तिचं नाव मी ठेवलंय, पाठीत धपके खाऊन. आणि आता लग्न होऊन महिना झाला तरी पोरीची ओटी कुणी भरलेली नाही — शोभतं का हे? काम कितीसं आहे? ओटी भरते, तिला खाली आणते, भरल्या ओटीने देवीपुढे डोकं टेकवायचं असतं, आपल्यात रीतच आहे तशी — कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन येतो आणि तिला परत तुझ्या ताब्यात देते. लाडू घे ना एक तोवर. बरं, नको तर नको, पण तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं करू नको.

मान का हलवतेस? ऑर्डर? अगं, ऑर्डर कुणाला सांगतेस — ती ऑर्डर निघाली तेव्हा मी तिथेच होते, हायकोर्टात, दुसऱ्या रांगेत! मला रडायला नेलं होतं. हसू नको, खरं सांगतेय. आमच्या खानदानात रडायचं खातं माझ्याकडे आहे — कुणाची बोळवण असो, कुणाचा तेरावा असो, पहिलं बोलावणं मला. तर गरिमाने आणि तिच्या नवऱ्याने अर्ज केला होता ना, आम्हाला घरच्यांपासून धोका आहे, पोलीस द्या म्हणून — तेव्हा दादाच्या वकिलाने, दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, महिपतराव, गरिमाचा बाप — तर त्या वकिलाने मला बजावलं होतं, की मुलगी आत आली की आत्याने हंबरडा फोडायचा, मुलगी विरघळेल, घरी चलते म्हणेल, संपलं. मी पदर तयारच ठेवला होता. पण झालं काय, मी तोंड उघडणार तेवढ्यात जजसाहेबच बोलायला लागले — आणि मला ऐकायचं होतं ना! दादा म्हणाला, 'साहब, बच्ची है, नासमझ है.' साहेबांनी विचारलं, 'उम्र?' दादा वकिलाकडे बघायला लागला. परत विचारलं, 'क्या उम्र है बच्ची की?' दादा म्हणाला, 'चौबीस.' मागे कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी म्हणजे — मीच हसले. आता हसले तर हसले! मग साहेबांनी गरिमाला विचारलं, कुणाचा दबाव आहे का, कुणाबरोबर राहायचंय. ती मान ताठ करून म्हणाली, 'उत्कर्ष के साथ. अपनी मर्जी से.' आणि जजसाहेब दादाला म्हणाले — फार शांतपणे, मतलब आवाज जरासुद्धा न चढवता — की सज्ञान मुलीने कुणाशी लग्न करायचं ते तिचं ती ठरवेल, तो हक्क तिला संविधानाने दिलाय, तुम्हाला पटो की न पटो, आणि यांच्या केसाला धक्का लागू नये हे पोलीस बघतील. आता संविधान मीही शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं. ते असं काठी घेऊन जिन्याशी उभं राहतं हे मला कुठे माहीत! बाहेर आल्यावर वकील माझ्यावर खेकसला, 'ताई, आपको रोना था!' मी म्हटलं, वकीलसाहेब, मग तुम्हीच रडायचंत, फी तर तुम्ही घेतलीत.

तू उत्कर्षला पाहिलंस ना? उंच, चष्म्याचा, जिन्यात भेटला तर तुलाही नमस्कार करत असेल. आपल्यातला नाही — आपल्यातला काय, आमच्या आजीने त्याच्या घरचं पाणी घेतलं नसतं, एवढंच सांगते, पुढचं तू समज. पण मजा ऐक. हा लॅबमध्ये काम करतो, आणि दादाचं रक्त काढायला घरी यायचा, शुगर तपासायला. दादाच मुद्दाम त्याला बोलवायचा हं — 'उसी लडके को भेजना, हाथ हलका है उसका, कळतसुद्धा नाही सुई.' मी चहा ठेवायचे, गरिमा बिस्किटं द्यायची. झालं, बिस्किटं देता देता जमलं. आता तूच सांग, स्वतःचं रक्त द्यायला ज्याचा हात चालतो, त्याच्या हाती पोरगी द्यायला चालत नाही, हा कुठला न्याय? हे मी दादाला तोंडावर म्हटलं का? नाही गं. कशी म्हणणार? आमचे हे गेल्यापासून मी दादाच्या घरात आहे. त्याचं खाते, त्याच्या घरात निजते. तो वाईट नाही, बिलकुल नाही, आजारपणात माझ्या उशाशी बसलाय — पण त्याला वाटतं घरातल्या बायका म्हणजे त्याच्या खिशातल्या किल्ल्या. माझं लग्नसुद्धा त्यानेच ठरवलं. माणूस चांगला निघाला, नशीब माझं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. एकदाही. म्हणून त्या दिवशी जजसाहेब गरिमाला विचारत होते ना, 'तुम्हारी क्या मर्जी है', तर माझ्याच ओठांवर उत्तर यायला लागलं. साठी उलटलेली बाई मी, आणि वाटलं, मलाच विचारताहेत! वेडीच आहे झालं.

बरं, पुरे पुराण. ऊन बघ कसं चढलंय, आणि दादा तिकडे गाडीत बसून भाजून निघाला असेल, त्याची बीपीची गोळीसुद्धा माझ्याच पर्समध्ये राहिली —

काय? कुठली गाडी? मी गाडी म्हटलं? छे, मी म्हटलं — अगं, फोनला हात नको लावू एकदम! ऐक तरी आधी. हो, आलाय दादा. देवळापाशी उभा आहे. नुसता उभा आहे, त्यात काय, रस्ता काय तुमच्या साहेबांचा आहे? लेकीला बघावंसं वाटतं बापाला — तिच्याशी चार शब्द बोलायचे, गावाकडे मळ्यावर न्यायचं दोन दिवस, समजूत घालायची. मला म्हणाला, 'मंदे, तू ओटी घेऊन जा, ओटीवाल्या बाईला कोण अडवतंय, तू देवळापर्यंत आण, पुढचं मी बघतो. कुणी हात लावणार नाही तिला.' — एकटा नाही आला, खरं आहे. वहिनीचे दोन भाचे आहेत बरोबर. तगडे आहेत. मीही तेच म्हटलं मनात, समजूत घालायला दोन पैलवान कशाला लागतात? — आणि रुचिका, एक सांगू? मी गाडीतून उतरायला गेले तर दार उघडेचना. लहान पोरांनी चालत्या गाडीत उघडू नये म्हणून मागच्या दारांना ते लॉक असतं ना, ते लावून ठेवलंय. भाच्याने बाहेरून येऊन उघडलं तेव्हा मी सुटले. आमच्या घरात ना भाच्यांच्या घरात, लहान पोर कुणी नाही, बेटा. ते लॉक कुणासाठी आहे, तेव्हाच कळलं होतं मला. तरी आले बघ चालत इथवर, ही पिशवी घेऊन, आणि तुला लाडू देत बसले. पण ओटी खोटी नाही हं. खण मी स्वतः घेतलाय, टोपी बाजारात चार दुकानं हिंडून, तिच्या आवडीच्या रंगाचा. दादाने गाडीचं ठरवायच्या आधीच घेतला होता. शप्पथ.

हे कोण? — ऐकला वाटतं माझा आवाज कार्टीने! चपला वाजताहेत ऐक जिन्यात, दोन-दोन पायऱ्या उतरतेय, हीच खोड आहे हिची — गरिमा! थांब तिथेच! खाली येऊ नको. हो गं राणी, मीच आहे, आत्याच आहे — दिसतेस छान, जाड झालीस जरा — नाही, पुढे येऊ नको म्हणते ना! ओटी आणलीय, हो, पण आज भरायची नाही. देवळात बिवळात जायचं नाही. मी बोलावलं तरी यायचं नाही, रडले तरी यायचं नाही, आणि मी किती छान रडते ते तुला ठाऊक आहे. आज आत्याचं मुळीच ऐकायचं नाही! वर जा. जा आधी. दाराला कडी लाव.

हं, पोरी, ही पिशवी आत घे, आणि लाव तुझ्या साहेबांना फोन. गाडी पांढरी आहे, देवळाच्या पलीकडे, रसवंतीसमोर. लाव गं, मी सांगतेय ना! दादाकडे मी जाते. त्याची गोळी द्यायचीय, आणि सांगायचंय — पोलिसबाईने सोडलं नाही, असं सांगते. नाही. ते नको. मीच येऊ नको म्हटलं तिला, असं सांगते. रात्री घरात घेतलं तर घेतलं, नाहीतर बघू. त्याचा राग मला पाठ आहे, आणि माझा त्याने अजून पाहिलेला नाही. पण जिन्यापुढचं हे लोखंडी चॅनल गेट अजून उघडं का? माझ्याकडे काय बघतेस अशी? ओढ ते. कुलूप घाल. दादाने माझा हात धरून 'मंदे' म्हटलं, तर मी परत येईन इथे, मला माझा भरवसा नाही — घाल कुलूप, रुचिका, मी बाहेर आहे तोवर घाल!