ढमढमला सर्दी झाली तर?

हॅलो?

…हां छोटे, बोल. थांब, मशीन बंद करते… हं. नाही गं, ढमढमचा नवा पोशाख अजून कापलासुद्धा नाही. नारिंगी फर टेबलावर पसरलीय, कात्री हातात आहे आणि मी तुझं चित्र बघत बसलेय.

का म्हणजे? मला सांग, ढमढमला नाक कुठंय?

…नाहीच? निळ्या टिकलीला? …तिलाही नाही! बरं. मग समजा, ढमढमला सर्दी झाली, तर?

हसू नकोस. हे प्राणी काढतेस तू, त्यांची खेळणी तुझ्याच दुकानात विकतेस तू. तुलाच माहीत नको? शिंकणार कुठून तो?

…शिंकतच नाही. जेवतो तरी? …बेंबीने!

…हो, हो… अगं ऐक ना, मग बेंबीला भोक ठेवू का? …ठिपका आहे ते मलाही दिसतंय. ठिपक्यातून घास कसा जाणार?

नाही, चेष्टा अजिबात नाही. समजा, ढमढमची आणि टिकलीची शर्यत लागली. ढमढमला घाम येईल? …येत नाही. समजा आला. समजा गं! …नारिंगी? आणि दमला तर? धापा कुठून टाकेल?

छोटे, फोन ठेवायचा नाही हं. येत्या रविवारी मुलांसमोर नाचायला ढमढम हवाय ना तुला? मग उत्तर दे.

…हो. त्याच्यासाठीच विचारतेय. तुझ्या दादासाठी.

…काय म्हणाला? जरा चक्कर आली? तो तेच म्हणणार! धाकट्या बहिणीने सांगितलं की विहिरीतसुद्धा उडी मारेल तो. मी नाही मारू देणार.

मागच्या रविवारी ढमढम होऊन नाचता नाचता आडवा झाला, छोटे. भर दुकानात. मुलं टाळ्या पिटत होती. आणि तू चेन उघडली नाहीस.

…कळलं ते. ढमढमच्या पोटातून माणूस निघालेला मुलांना दिसायला नको. म्हणून पोतं ओढावं तसं मागच्या खोलीत नेलंत, आणि तिथे फरमध्ये चेनच सापडेना! मला राग आलाय तुझा. आणि भीती वाटतेय. तो नुसता जिना चढून आला तरी मी त्याचा श्वास ऐकत बसते.

…अगं, रडू नकोस. रडू नकोस ना. मुद्दाम थोडंच केलंस तू?

पण म्हणून मी गप्प बसायची नाही. श्वास कुठून घ्यायचा ते सांग, तोवर ही कात्री फरला लागणार नाही.

…दुसरीकडून शिवून घेशील? खुशाल घे. आत तूच उभी राहा मग. माझा नवरा राहणार नाही.

…हं.

…हं… काय? कानांतून?

ढमढम कानांतून श्वास घेतो? कधीपासून? …आत्तापासून! आता कशी बोललीस! कान चांगले सुपाएवढे आहेत, दोन्हीकडे जाळी बसवते. आणि चेन पुढे लावणार, पोटावर. आतूनही उघडेल अशी.

…दिसली तर दिसली. …मुलांनी विचारलं तर सांग, ढमढम पोट उघडून वारा घेतो. बेंबीने जेवणाऱ्याला तेवढं जमत नाही?

…काय म्हणालीस? श्वास घेताना कान हलतात का? …हलतात की! हलवते मी. आत पातळ स्पंज घालते. …हो गं, लोळतील मुलं हसून. …टिकलीलाही करू. तिच्या आत ती गल्ल्यावर बसणारी मुलगी असते ना? तिलाही श्वास लागतोच.

बरं, चल. तुझा दादा आला बघ, माप घ्यायचंय…

अरे, इकडे ये. हात वर कर. छोटीच आहे फोनवर, नंतर बोल. आता श्वास घे. मोठा. अजून मोठा… छातीचं माप मी भरल्या श्वासाचंच घेणार. हं, धरून ठेव…

अं? तू अजून आहेस होय फोनवर? …तूही श्वास धरून ठेवलायस? सोड, सोड बाई! ठेव तो फोन.