टॅमसनच्या नावचं पान

इथामर : ...इथं, या रेघेखाली. मी बोट ठेवलंय तिथं एक फुली मार, की झालं.

जेबेझ : थांबा डीकन. कडं चढवतोय. आत्ता हात सोडला तर सगळ्या फळ्या फाकतील, आणि खारवलेल्या मांसाची ही पिंपं परवा जहाजावर जायचीत.

इथामर : तुझं काम चालू दे. तुझी बहीण माझ्याकडे सात वर्षांच्या कराराने बांधलेली होती. एक वर्ष चार महिने उरले असताना देवाने तिला नेलं. करारावर जामीन तू. उरलेलं काम आणि तिच्या नावचा खर्च मिळून अकरा पौंड चार शिलिंग होतात.

जेबेझ : अकरा पौंड! गाय विकली, हे दुकान अवजारांसकट विकलं, तरी एवढे व्हायचे नाहीत.

इथामर : म्हणून तर स्वतः आलो. मला एक पेनी नको. आपल्यात नेहमी लिहितात तेच लिहिलंय बघ. ‘जगाच्या आरंभापासून आजपर्यंत आम्हा दोघांतला सगळा हिशेब मिटला, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही.’ खाली तुझी फुली, शेजारी माझी सही.

हुल्दा : आणि ती मंगळवारी कोर्ट बसायच्या आत मारायची. असंच ना?

इथामर : जेबेझ, तुझ्या बायकोला सांग, पुरुषांचा व्यवहार चाललाय.

हुल्दा : व्यवहार माझ्या नणंदेचा चाललाय. तिला शेवटची अंघोळ घालायला ज्या बायका आल्या होत्या, त्या गावात काय बोलतायत ते तुमच्या कानावर आलंच असेल.

इथामर : रिकामटेकड्यांची तोंडं कोण धरणार? पाच दिवस तापाने फणफणली होती पोर. माझी बायको उशापासून हलली नाही.

जेबेझ : मग तिची शवपेटी खिळे ठोकून का आणलीत, डीकन? मला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत.

इथामर : ताप लागट होता. तुझ्याच भल्यासाठी.

हुल्दा : हिशेब वाचून दाखवा. ओळ न् ओळ. न वाचता मिटवलेला हिशेब या गावात कोण मानतं?

इथामर : वाच की, तूच वाच! बायबल वाचतेस म्हणे. पण ते छापील असतं बाई. हे हातचं अक्षर. मुलींना ते कुणी शिकवत नाही. घे, बघ तरी. चर्चचा डीकन आहे मी. वीस वर्षांत माझ्या वहीतून एक पेनी सुटलेली नाही, आणि एक शब्द खोटा नाही.

हुल्दा : ‘ऑगस्ट तीन, सतराशे अडतीस. टॅमसनच्या नावे. कुदळीचा दांडा मोडला, आठ पेन्स.’

इथामर : तुला... तुला हे वाचता येतं?

हुल्दा : माझा बाप गिरणीवाला होता. त्याचे डोळे गेले तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या मीच वाचायची. तुमचं अक्षर तर फारच सुबक आहे.

जेबेझ : दांडा मोडला? तिला कुदळ चालवायला लावत होतात?

हुल्दा : पुढे ऐक. ‘ऑगस्ट तीन ते सात. उठता येईना म्हणून काम बुडालं, पाच दिवस.’

जेबेझ : दांडा कशावर मोडला, डीकन?

इथामर : नोकराला वळण लावायचा हक्क मालकाला कायद्यानेच दिलाय. तोंड वर करून बोलायची ती.

जेबेझ : चौदा वर्षांची होती ती तेव्हा.

हुल्दा : ‘नोव्हेंबर नऊ. हाड बसवणाऱ्याला, डावा हात, तीन शिलिंग. काम बुडालं, बावीस दिवस.’ हेसुद्धा तिच्याच नावे. ‘मार्च दोन. दोरी, सहा पेन्स. एक झगा, पाठीला चिकटला म्हणून कापून काढला, दोन शिलिंग.’

जेबेझ : चिकटला म्हणजे?

हुल्दा : रक्ताने, जेबेझ.

जेबेझ : आणि त्या झग्याचे पैसेही तिच्याच डोक्यावर? तिला बडवायचं, आणि काठी मोडली तर काठीची किंमत तिच्याकडून घ्यायची?

इथामर : मोडली ती माझी वस्तू. कारण ती. मग कुणाच्या नावे लिहायचं? आण ती वही इकडे. वाचून झालंय.

हुल्दा : थांबा, जमेची बाजू राहिलीय. ‘फेब्रुवारी अकरा. जमा, टॅमसनने कातलेलं सूत, चार लड्या.’ डीकन, ती तेरा तारखेला गेली. पाच दिवस तापात होती म्हणालात. मग अकरा तारखेला चार लड्या कुणी कातल्या?

इथामर : वही दे.

हुल्दा : ‘बारा. चुलीचा लोखंडी चिमटा वाकला, लोहाराकडून सरळ करून घेतला, एक शिलिंग दोन पेन्स. जमीन घासायला वाळू नि राख. तेरा. पेटीच्या फळ्या, खिळे...’ जेबेझ! अरे, ताप नव्हताच रे तिला!

जेबेझ : लोखंडी चिमटा? वाकेपर्यंत?

इथामर : दे म्हणतो ना ती वही, भवाने!

हुल्दा : आई गं! दात... जेबेझ, पान फाडतोय तो! विस्तवात टाकतोय!

(पिंप कलंडून फळ्या विखुरतात. हिसकाहिसकी. कुणीतरी ठोकळ्यावर आपटतं.)

जेबेझ : सोड ती वही! सोड, नाहीतर मान मोडीन!

इथामर : हात काढ माझ्या गळ्यावरचा! फासावर जाशील, कळतंय का? सगळं चर्च माझ्या मागे आहे...

जेबेझ : पाठमोरी होती का ती? बोल! समोरून मारलंस की मागून?

इथामर : आठवत नाही... दूध सांडलं तिने. सांडलं ते सांडलं, वर हसली. माझ्या घरात उभी राहून मला हसली.

जेबेझ : हसली म्हणून?

इथामर : पहिल्या घावाला गप्प राहिली असती तर थांबलो असतो मी! देवाशपथ थांबलो असतो!

जेबेझ : हुल्दा, तिचा हात कुठला मोडला होता म्हणालीस?

हुल्दा : डावा.

इथामर : नको. जेबेझ, नको, लेकरंबाळं आहेत मला. जेबेझ! आऽऽई! मेलो!

जेबेझ : आता याचंही काम बुडू दे बावीस दिवस. हुल्दा, फळ्या तासायचा तो वाकस दे इकडे.

हुल्दा : नाही देणार.

जेबेझ : अगं, जनावरासारखी कुटली याने तिला! आणि मी चार मैलांवर बसून पिंपं ठोकत होतो. फुली मारून मीच दिली तिला याच्या घरी. मी दिली, हुल्दा! दे तो वाकस!

हुल्दा : माझ्या तोंडातून रक्त येतंय, तरी मी इथं उभी आहे ना? मलाही वाटतंय याचं डोकं फोडावं. पण तू फोडलंस की फासावर तू जाशील, आणि हा चर्चमधल्या पहिल्या बाकाशेजारी पुरला जाईल, चांगला माणूस म्हणून. मंगळवारी चल. हिशेबाची वही कोर्टात मानतात ती कशी, माहीत आहे ना? ज्याची वही त्याने तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, की यातला शब्द न् शब्द खरा.

इथामर : मी घेणार नाही शपथ.

हुल्दा : मग वही खोटी. निम्मं गाव तुमचं देणेकरी आहे डीकन, याच वहीवर. ती खोटी म्हणालात तर दुसऱ्या दिवशी कोण दारात उभं करील तुम्हाला? आणि खरी म्हणालात, तर टॅमसनचं पानही खरं. ते मी विस्तवातून ओढून काढलंय, शाबूत आहे. एक कोपरा तेवढा करपलाय.

इथामर : जेबेझ... ऐक. फुली मारली नाहीस तर ते अकरा पौंड तुझ्या मानेवर राहतील. दुकान जाईल तुझं.

जेबेझ : जाऊ दे. मला नाही मिटवायचं काही. ऊठ. ऊठ म्हणतो ना! हुल्दा, मी गाडी जोडतो. याला आत्ताच शेरीफकडे नेऊ.

हुल्दा : चल. त्याच्या डाव्या हाताला एक फळी बांध आधी. आणि गाडीत जपून चढव जेबेझ, शपथेला उजवा लागतो.