मागच्या सीटवरचे मामंजी

गाडी चालवण्याच्या परीक्षेच्या रांगेत शिंपी घामाघूम उभा होता. दोनदा नापास झालेला. ‘तुझे हात कात्रीपुरतेच,’ हे वडिलांचं जुनं वाक्य सकाळपासून कानात घुमत होतं. गुपचूप सटकावं असं त्याच्या मनात आलं, तोच पुढच्या दोघी जावा बोलू लागल्या.

“जाऊबाई, चौथी वेळ तुमची. पाय नाही लटपटत?”

“लटपटतात की! पण आज पास होणार म्हणजे होणार.”

“आणि डोक्यातले मामंजी? जाऊन दहा वर्षं झाली त्यांना.”

“गाडी सुरू केली की हजर! ‘सूनबाई, तुला जमायचं नाही.’”

“मागच्या वेळी त्यांच्यावरच ओरडलात ना, ‘उतरा गाडीतून’ म्हणून?”

“आणि उतरले परीक्षक!”

“अहो, हळू हसा!”

“आता मी भांडतच नाही. रोज सरावाला त्यांना मागे बसवते, पट्टा लावते. म्हणते, बोला हवं ते, स्टिअरिंग माझ्या हातात आहे. महिना झाला, एक दिवस चुकवला नाही.”

“मग गप्प बसतात?”

“छे! बडबडतात. पण मागून.”

नंबर पुकारला. थोरलीने आधी मागचं दार उघडलं, क्षणभर थांबून लावलं आणि मग ती पुढे बसली. गाडी गेली, वळली, चढावर थांबली, परत आली.

“पास! अगं, पास झाले!”

सगळी रांग टाळ्या वाजवू लागली. पुढचा नंबर शिंप्याचा होता.

“अहो, तुम्हीसुद्धा मागचंच दार?” परीक्षक वैतागले.

“एकच मिनिट, साहेब.” शिंपी आत वाकून हळूच म्हणाला, “बसा, बाबा.”