अर्ध्या वाटीसाठी दोन लिटरचा मिक्सर

तो महागडा मिक्सर घेतलास का, असं पुन्हा विचारू नका रे. आणि आमच्या आईसमोर तर विषयच काढू नका.

पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला बजावलं होतं, काही दिवस सगळं वाटून, पातळ करून खायचं, तेही एका वेळी अर्धीच वाटी. मला निमित्तच मिळालं. घरचा मिक्सर चांगला चालत होता, तरी मी लोणावळ्याच्या दुकानात तो बुलेटसारखा धडधडणारा परदेशी मिक्सर बघायला गेलो. त्या किमतीत आमच्या शिरगावात दुभती गाय येईल. बायको रागाने आलीच नाही. आई मात्र आली.

दुकानदाराने बदाम फिरवले, बर्फ फिरवला. "साहेब, कणसुद्धा राहणार नाही!" मी पाकिटाला हात घातला.

तेवढ्यात आई म्हणाली, "दादा, ह्येच्यात अर्धी वाटी डाळ-भात फिरंल का?"

तो घुटमळला. "मावशी, भांडं दोन लिटरचं आहे. एवढ्याशाला पातं लागत नाही. जरा जास्त करायचं, उरेल ते घरच्यांनी खायचं."

"घरातलं उरल्यालं ह्योच खायचा," आईने माझ्याकडे बोट केलं, "म्हणून तर दवाखान्यात न्यावा लागला."

मी पुटपुटलो, "आई, वस्तू चांगली आहे गं."

आईने त्या भांड्यावर टिचकी मारली. "चांगलीच हाय. पर दादा, आदी ह्येचं बी पोट ल्हान करून आणा, मग घिऊ आमी."