बिनपाण्याचा चाकू

...आणि चाकू तरी कसला हो, तुम्हाला सांगतो, साधी रिबीन कापता येईना त्याला! दोन बोटं रुंद रिबीन, नुसता हिसडा दिला तरी तुटेल अशी, आणि तिच्यावर हा चाकू चालवतायत, चालवतायत... रिबीन आपली लोंबतेय! अठ्ठावीस वर्षं! एका माणसाने अठ्ठावीस वर्षं एका खुर्चीत बसून पंपाचे व्हॉल्व्ह तपासले, चांगला असेल तर उजवीकडे, वाईट असेल तर डावीकडे, केसभर चूक असली तरी डावीकडे, साक्षात मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहिला तरी डावीकडे... आणि त्या माणसाला निरोपाला द्यायचं काय? तर मखमली डबीतला, खिशात ठेवायचा चाकू! मुठीवर नाव कोरलेलं, नावाखाली 'कृतज्ञतेसह'. आणि धार? धारेचं नावच काढू नका!

आता निरोप कशाला, तर तपासनिसांच्या जागी कॅमेरा आला. कॅमेऱ्याला रजा लागत नाही, चष्मा लागत नाही. बरं, एका दिवसात दोन कार्यक्रम कशाला, म्हणून निरोप आणि कॅमेऱ्याचं उद्घाटन एकाच मांडवात उरकलं, आणि एचआरच्या मॅडमना ऐन वेळी सुचलं, "सर, तुमच्या नव्या चाकूनेच कापा ना रिबीन! फोटो किती छान येईल!" म्हणजे बघा, ज्याने खुर्ची घेतली त्याची रिबीन, ज्याची खुर्ची गेली त्याने कापायची, आणि तीसुद्धा बोथट चाकूने! शेवटी क्रेनवाल्याने कुठून तरी कात्री पैदा केली. टाळ्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, "सर, काय वाटतंय?"

तपासनीस म्हणाले, "काही नाही."

लोकांना वाटलं, गहिवरलेत. कसले गहिवरलेत! खरंच काही वाटत नव्हतं हो त्यांना. दाताला भूल दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण आपला नसतो... तसं आख्ख्या माणसाचं झालं होतं. त्यांनी फक्त सवयीने चाकूच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि पुटपुटले, "डावीकडे."

घरी आले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठले, दाढी केली, कारखान्याचा निळा शर्ट घातला, आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. झालं! तिथून हलायचं नाव नाही. समोर चहा ठेवला, प्याले. वरण ठेवलं, जेवले. काहीच ठेवलं नाही, तरी बसून! बायको बिचारी आडून आडून विचारायची, "अहो, काय वाटतंय?" "काही नाही." "रडावंसं वाटतंय का?" "नाही." "मग भांडावंसं?" "नाही." "अहो, निदान जरा चिडा तरी कारखान्यावर! मी चिडते तर म्हणता भाजी करपतेय!" "करपतेच आहे," तपासनीस म्हणाले. आणि खरंच करपत होती!

मग काय, बायकोने आपल्या भावाला बोलावलं. मेहुणा म्हणजे उत्साहाचा नुसता धबधबा! पायातले बूट काढायच्या आत सुरू, "भाऊजी, मजा आहे बुवा तुमची! आता छंद जोपासा, भाऊजी! फोटोग्राफी करा!" फोटोग्राफी! कॅमेऱ्याने घालवलेल्या माणसाला सांगतोय फोटोग्राफी कर! बहिणीने डोळे वटारले तसा गडबडला आणि पिशवीतून एक लांबट खोकं काढलं. "हे बघा. घरच्या घरी धार लावायचा संच. मी हौसेने घेतला, तीन वर्षं माळ्यावर आहे. त्या चाकूला लावा धार!"

आता हा संच म्हणजे काय, तर एक शिकंजा, त्यात पातं घट्ट धरायचं. वर एक दांडी, दांडीला दगड. दांडी एका भोकातून मागेपुढे सरकते, त्यामुळे हात हलला तरी कोन हलत नाही. ज्याला धार लावता येत नाही त्याच्यासाठी केलेली सोय! कोनाच्या खुणा दिलेल्या, दगड चार, खरखरीत ते गुळगुळीत... तपासनिसांनी खोकं उघडलं, एकेक वस्तू फडक्यावर मांडली, मापपट्टी काढली, कोनमापक काढलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलले.

"वीस अंशाच्या खुणेवर साडेएकवीस आहे."

"भाऊजी, दीड अंशाने काय आभाळ कोसळतंय?"

"दीड अंशाने पंप फुटतो."

मेहुण्याने विषय सोडला. चहा पिऊन गेला. आणि हे बसले! व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा कापून शिकंज्याखाली सरकवला, वीस म्हणजे बरोब्बर वीस अंश केले. पात्याच्या काठाला काळ्या पेनाने शाई फासली, म्हणजे दगड फिरल्यावर शाई जिथली गेली तिथे दगड पोचला, जिथली राहिली तिथे नाही. बायकोला मोजायला बसवलं. "इकडून पंचवीस, तिकडून पंचवीस. मधे बोलायचं नाही." आता नवऱ्याने आठ दिवसांनी काहीतरी मागितलं, ती कशाला नाही म्हणते! एक, दोन, तीन... खर्र, खर्र, खर्र... सतरापर्यंत आली आणि किंचाळली, "अहो, रक्त!"

तपासनीस म्हणाले, "कुणाचं?"

कुणाचं! स्वतःच्या अंगठ्याचं, हो! पेराजवळ हे एवढं कापलेलं, फडकं लाल झालेलं, आणि माणूस विचारतोय कुणाचं! बायकोने पट्टी बांधली, बांधता बांधता हुंदके द्यायला लागली, "तुम्हाला दुखत कसं नाही?" तपासनिसांनी अंगठा दिव्याजवळ धरला, नीट बघितला, नापास मालाकडे बघावं तसा. म्हणाले, "दुखायला हवं होतं, नाही?" आणि मग तिच्याकडे बघून, "कितीवर थांबलीस?"

"सतरा," ती नाक पुसत म्हणाली. काय करेल! संसार केलाय तीस वर्षं!

तर तुम्हाला सांगतो, चौथ्या दगडावरून चामड्याच्या पट्ट्यावर घासून चाकू जो उतरला... कागद धरला, नुसता टेकवला, दोन तुकडे! टोमॅटोच्या चकत्या अशा की पलीकडचं घड्याळ वाचावं! बायकोने टाळ्या वाजवल्या, म्हणाली, "आता? आता काय वाटतंय?" "काही नाही," म्हणाले, पण जरा विचार करून म्हणाले, हेही कमी नव्हतं. तिने त्या चाकूने दोन सफरचंदं कापली, एक पाव कापला.

आणि सकाळी चाकू बोथट!

पुन्हा शिकंजा, पुन्हा शाई, पुन्हा पंचवीस-पंचवीस. पुन्हा धार. दोन सफरचंदं, एक पाव... बोथट! तिसऱ्यांदा तेच! तपासनिसांनी कानस आणली आणि पात्याच्या मागच्या बाजूला एकदा हलकेच ओढली. आता पोलाद कडक असेल तर कानस वरून घसरते. इथे? लोण्यात रुतावी तशी रुतली! पात्याला पाणीच दिलेलं नाही! भट्टीत तापवून पाणी द्यावं लागतं तेव्हा कुठे धार टिकते. इथे पत्रा कापला, चकाकी आणली, 'कृतज्ञतेसह' लिहिलं, झाला चाकू!

दुसरा कुणी असता तर ठेवला असता कपाटात. हे नाही! यांनी पांढऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारून अहवाल तयार केला. वस्तू : चाकू. संख्या : एक. दोष : पोलाद मऊ, धार टिकत नाही. निर्णय : नापास. खाली सही. आणि निघाले कारखान्याला. बायको म्हणते, "अहो, ती भेट आहे! भेटीला कुणी नापास करतं का?" तर म्हणतात, "तपासली असती तर दिलीच नसती."

गेटवर वॉचमन. वीस वर्षं सलाम ठोकलेला माणूस, त्याने पाहुण्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं, मान खाली घालून. "सर, आणि आत हत्यार नेता येत नाही." "हत्यार?" तपासनिसांनी चाकू उघडून स्वतःच्या तळहातावरून सर्रकन ओढला. वॉचमनचे डोळे पांढरे! हातावर साधी रेघ नाही. "जा, सर," तो म्हणाला.

मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. आधी हसल्या, मग लक्षात आलं की समोरचा माणूस हसत नाहीये. "सर, एवढंच ना? दुसरा घेऊन जा! पातं बदलून घ्या!" आणि भाबडेपणाने म्हणा, घाईने म्हणा, कपाटातून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. अशीच मखमली डबी, तिच्यावर डबी, तिच्यावर डबी... तपासनिसांनी पहिली उघडली. मुठीवर नाव. क्रेनवाल्याचं! दुसरी... स्टोअरवाल्याचं. तिसरी, लेथवाल्याचं, अहो, त्याच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती! मॅडमच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "सर... यादी अजून जाहीर नाही. हेड ऑफिसने डब्या आधीच पाठवल्या. एक तारखेला दहा जणांना सांगायचंय. तुम्ही काही बघितलं नाही, हं सर? प्लीज."

तपासनिसांनी तिन्ही चाकू उघडले. कानस खिशात होतीच. तिन्ही पात्यांना लावून बघितली. मग म्हणाले, "तिन्ही नापास. म्हणजे सगळेच नापास."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा रिबिनीसारखं होणार."

त्या रिबिनीच्या फोटोवरून मॅडमनी हेड ऑफिसची बोलणी खाल्ली होती. "मग आता काय करायचं, सर?" "मी धार लावून आणतो," तपासनीस म्हणाले. मॅडमचा जीव भांड्यात पडला, त्यांनी गेटपास लिहिला : चाकू, दुरुस्तीसाठी बाहेर. "कुणाला बोलू नका, सर." यावर 'बरं' असं ते म्हणाले नाहीत. माणूस खोटं बोलायचा नाही, म्हणून गप्प बसले.

घरी टेबलावर डब्या मांडल्या. एकेक चाकू शिकंज्यात, वीस अंश, पंचवीस-पंचवीस. बायको मोजतेय आणि नावं वाचतेय. "अहो, हा तर आपल्या घर बदलायच्या वेळी आला होता, कपाट उचलायला... यांना माहीत आहे?" "नाही." "म्हणजे यांनाही मांडवात उभं करून... टाळ्या वाजवून..." खर्र, खर्र... आणि दगड थांबला. "कितीवर होतो?" त्यांनी विचारलं. तिने नाही हो, त्यांनी! मनातल्या मनात तेही मोजायचेच, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तपासनिसांची मोजणी चुकली! उठले, खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बायकोने मात्र या वेळी विचारलं नाही, काय वाटतंय म्हणून. शहाणी बाई.

आणि हो, डब्या दहा नव्हत्या. अकरा निघाल्या. अकराव्या मुठीवरचं नाव वाचून तपासनिसांनी तो चाकू बाजूला ठेवला आणि त्याला सगळ्यात शेवटी, सगळ्यात जपून धार लावली.

रविवारी सकाळी खांद्याला पिशवी लावून निघाले. पहिलं घर क्रेनवाल्याचं. "सर! या, या! अगं, चहा टाक, सर आलेत! माझ्यासाठी भेट? अहो, कशाला सर... माझं नाव पण कोरलंय!" आणि मग खालची ओळ वाचली. तीच डबी, तीच अक्षरं, रिबिनीच्या दिवशी त्याने जवळून बघितलेली. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, काढायला विसरल्यासारखं. "कधी?" "एक तारखेला." त्याने डबी मिटली. मग तो म्हणाला, "सर, दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं मला. उद्या नाही म्हणून कळवणार होतो." "नको कळवूस," तपासनीस म्हणाले, आणि चहा संपवून उठले.

स्टोअरवाल्याने तोंडावर दार लावलं. लेथवाला शिव्या देत सुटला, आधी कंपनीला, मग तपासनिसांना, मग चाकूला, मग पुन्हा तपासनिसांना! यांनी सगळं ऐकून घेतलं. कुणाच्या घरी पाणी, कुणाच्या घरी रडारड... दहा घरं! अहो, वाईट बातमी घेऊन एका घरी जायचं तर आपले पाय जड होतात, हा माणूस दहा जिने चढला-उतरला! कुणाला मांडवात, टाळ्यांमध्ये कळू नये, एवढ्यासाठी.

अकरावं घर मॅडमचं. दार उघडलं, हात पिठाचे. "सर? झाली धार? पण चाकू ऑफिसात आणायचे ना... सगळे दहा आहेत ना?"

"अकरा होते," तपासनीस म्हणाले.

"नाही हो, यादीत दहाच आहेत, यादी मीच टाइप केलीय."

तपासनिसांनी डबी पुढे केली. मॅडमनी पिठाच्या हातांनी उघडली. वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणजे त्यांची यादी दहांची, आणि हेड ऑफिसने यादी करणाऱ्या बाईंचा चाकू परस्पर त्याच खोक्यात टाकून दिला होता! दारातल्या दारात दोघं उभे. आतून कुकरच्या शिट्ट्या होतायत, चार, पाच, सहा, कोण बंद करणार! शेवटी मॅडमनी दारात पडलेला पेपर उचलला, कोपऱ्याला चाकू नुसता टेकवला. कोपरा अलगद खाली पडला.

"कापतोय की छान," मॅडम म्हणाल्या.

"आज कापतोय," तपासनीस म्हणाले. "परवा बोथट होणार. पोलादच तसलं आहे, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार? बोथट झाला की घेऊन या... मी काय, घरीच असतो."