सेतुवम्माची बदली

अक्का : असं तोंड का पाडलंस, पुरू? पूल वाचवायला गेला होतास ना?

पुरुषोत्तम : पाणी दे आधी. गुडघे गेले माझे.

अक्का : तुझी ती पुलावरची देवी, सेतुवम्मा, काय म्हणते?

पुरुषोत्तम : बदली झाली तिची.

अक्का : म्हणजे?

पुरुषोत्तम : सकाळी कंत्राटदार आला. पुजारी, नादस्वर, पन्नास नारळ. मला वाटलं, घाबरला! पठ्ठ्या पाया पडला, देवीला हातगाडीवर बसवलं आणि पुलापलीकडे रस्त्याकडेच्या चहावाल्याशेजारी नेऊन ठेवलं. टाइल्स लावल्यात, वर पत्रा. आता पूल पाडायला मोकळे.

अक्का : आणि लोक?

पुरुषोत्तम : खूश! फुलवाली गंगव्वा मलाच प्रसाद देत होती. तीन आठवडे रोज पहाटे जाऊन दगडाला हळदकुंकू लावलं मी, अक्का. अम्मा स्वप्नात आली म्हणून गल्लीभर सांगत सुटलो. पूल पाडायच्या कामावरची ती इंजिनियर अनुषा, तीसुद्धा चप्पल काढून यायची.

अक्का : कठड्यालाच शेंदूर फासायचास की. उचलून नेता येईल असा दगड कोण ठेवतं?

पुरुषोत्तम : आता सांगतेस!

अक्का : आणला कुठून होतास?

पुरुषोत्तम : होता असाच.

अक्का : पुरू.

पुरुषोत्तम : तुझा वरवंटा.

अक्का : अय्यो! आणि मी त्या कामवाल्या रम्याला रोज विचारतेय, कुठे ठेवलास म्हणून!

पुरुषोत्तम : मिक्सर आहे ना घरात.

अक्का : जन्मभर माणसांना टोप्या घातल्यास, आता देव पण सोडला नाहीस.

पुरुषोत्तम : हसू नको. दमलो मी. तळं बुजवलं, थेटर पाडलं, बोललो काही? हा रेल्वेवरचा एवढासा पूल तेवढा राहू द्या म्हटलं.

अक्का : ठाऊक आहे मला का ते.

पुरुषोत्तम : काय ठाऊक आहे?

अक्का : माझा पाय हा असा. शाळेला जाताना मला कॅरियरवर बसवून त्या पुलाच्या चढावर सायकल ढकलायचास. धापा टाकत. माथ्यावर पोचलं की उतारावर सायकल सोडून बोंबलायचास, "अक्का, ब्रेक तुटला!"

पुरुषोत्तम : आणि तू रोज किंचाळायचीस. रोज फसायचीस!

अक्का : एकदाच फसले. पहिल्या दिवशी.

पुरुषोत्तम : मग किंचाळायचीस कशाला?

अक्का : नाहीतर दुसऱ्या दिवशी तू ब्रेक लावला असतास. मला कुठे धावता येत होतं? तेवढाच वारा लागायचा तोंडाला.

(पुरुषोत्तम उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवतो.)

अक्का : कधी बंद करतायत?

पुरुषोत्तम : आज सहाला. उद्या मशीन येणार.

अक्का : साडेचारच झालेत. स्कूटर काढ.

पुरुषोत्तम : अक्का, ट्रॅफिक बघ स्वल्प. गुडघे पण...

अक्का : आज ढकलायचं नाहीये तुला. काठी दे माझी.

पुरुषोत्तम : सरी, काढतो. पण आधीच सांगतो, स्कूटरचा ब्रेक जरा...

अक्का : तुटलाय. चल.