चार बोटं लांब पंखा

सोल्विग : काप म्हणजे काप, डॅरल! नवरा माझा आहे, परवानगी मी देतेय.

डॅरल : पण विमानाचा पंखा माझ्या हातचा आहे ना, वहिनी. अख्खा मिनेसोटाचा हिवाळा शेगडीपाशी बसून बर्चचं लाकूड तासलंय. आधी दोघांनी एक काय ते बोला. एकदा कापलेला पंखा चिकटवून लांब होत नाही.

ओर्विन : करवत खाली ठेव, डॅरल.

सोल्विग : उचल ती! काल ह्यानं काय केलं, सांगितलं का तुला? विमान धावपट्टीवर पळवलं. शेपूट वर, नाक खाली, आणि पंखा लागला गवत छाटायला. म्हटलं, अरे वा! इतकी वर्षं कोठारात ठोकाठोक करून गवत कापायचं यंत्र बनवलं होय!

ओर्विन : गवत वाढलं होतं.

सोल्विग : आणि घुशींनी उकरलेले मातीचे ढीग? तेही वाढले होते? एखाद्याला टोक लागलं असतं, तर पंख्याच्या ढलप्या वेचत बसले असते मी. आणि तुझ्याही.

डॅरल : वहिनींचं खरंय, ओर्विन. शेपूट उचललं तरी खाली वीतभर मोकळं राहायला हवं. दोन्ही टोकांची चार-चार बोटं काढली की भागलं.

ओर्विन : आणि जोर? लांब पंखा जास्त हवा मागे लोटतो, विमान पटकन वर चढतं. आपली पट्टी आखूड, पुढे पॉप्लरची रांग.

सोल्विग : झाडांना हात लावायचा नाही. बाबांनी लावलीत.

ओर्विन : कुठे लावतोय हात? वरून जायचंय, म्हणून तर लांब पंखा.

सोल्विग : डॅरल, खरं सांग. आखूड पंख्यानं झाडांवरून जाईल की नाही?

डॅरल : एकटा बसला तर आरामात.

सोल्विग : मग झालं की! एकटाच तर उडणार आहे... हो ना रे, ओर्विन?

डॅरल : वहिनी, मागे दुसरी सीट आहे.

सोल्विग : ती मासेमारीच्या सामानाला. ह्यानंच सांगितलंय.

डॅरल : गळाला गादी लागते होय? आणि कमरेला पट्टा?

सोल्विग : ओर्विन!

ओर्विन : शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तू रडकुंडीला येतेस. काय विचारणार होतो?

सोल्विग : शिडी तू धरतोस म्हणून! हात शिडीला, डोळे आभाळात, कुणाचं विमान चाललंय ते बघत.

ओर्विन : नाहीच म्हणाली असतीस.

सोल्विग : म्हणाले असते. पण विचारायचं तरी! ...गादीला कापड कुठलं लावलंस?

ओर्विन : निळं. तुझ्या आवडीचं.

सोल्विग : डॅरल, करवत ठेव खाली.

डॅरल : आणि ते मातीचे ढीग?

सोल्विग : पंखा आखूड करण्यापेक्षा विमानच उंच करा की! डॅरल, तुझ्या जुन्या विमानाची जाडजूड चाकं आमच्या खुराड्यामागे पडलीत. कोंबड्या अंडी घालतात त्यात.

डॅरल : अरेच्चा! बसतील की, ओर्विन. पण हवेत ओढ धरतील हं. वेग कमी होईल.

सोल्विग : मला कुठे आग विझवायला जायचंय?

ओर्विन : 'मला' म्हणालीस.

सोल्विग : नुसतं बसून बघते म्हणतेय. उडते म्हटलं नाही. धर हात. आणि माझ्याकडे बघ, वर नको.

(सोल्विग मागच्या सीटवर चढून बसते. ओर्विन पुढच्या.)

ओर्विन : कसं वाटतंय?

सोल्विग : समोरचं काही दिसत नाही. तुझंच डोकं मध्ये येतंय.

ओर्विन : सीट उंच करून देऊ?

सोल्विग : राहू दे. सवय आहे मला.